कर्करुग्णांची विषाणू-चाचणी: 'एस १२०४' अभ्यासाच्या आखणीचे एक प्रकरण

२००८ साली अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, सांगितले की केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मिळणार असलेल्या प्रत्येकाची हिपॅटायटिस बीची चाचणी करावी. दोनच वर्षांनी कर्करोगतज्ज्ञांच्या 'ॲस्को' या संघटनेने वेगळे मत दिले: सरसकट चाचणीची शिफारस करण्याइतका पुरावा हाती नाही. २०१५ मध्ये ॲस्कोने मधला मार्ग काढला. ज्यांना अँटी-सीडी२० गटातली (रिटक्सिमॅबसारखी, बी-पेशी नष्ट करणारी) औषधे किंवा मूलपेशींचे प्रत्यारोपण होणार आहे त्यांची, आणि ज्यांच्या बाबतीत संसर्गाची जोखीम दिसते त्यांची चाचणी करावी, बाकीच्यांची सरसकट नको. मग २०२० मध्ये त्याच संघटनेने मत बदलले आणि शरीरभर परिणाम करणारे कर्करोगाचे उपचार सुरू होणाऱ्या प्रत्येक रुग्णाची बीसाठी चाचणी करा, असे सांगितले.

दहा वर्षांत 'पुरावा नाही'पासून 'सर्वांची करा'पर्यंतचा हा प्रवास झाला, त्यात एका अभ्यासाचा वाटा मोठा आहे. त्याचे नाव 'एस १२०४'. अमेरिकेतल्या स्वॉग या कर्करोग-संशोधन जाळ्याने तो केला, सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्राचे स्कॉट रॅमझी त्याचे पहिले लेखक होते आणि निष्कर्ष २०१९ मध्ये 'जामा ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. या अभ्यासात नवे औषध नव्हते, नवी चाचणीही नव्हती. होती ती फक्त प्रश्नाची मांडणी. ज्यांना आपल्या रुग्णालयात असे काही करायचे आहे, विशेषतः एमडी, डीएनबीच्या प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी, ती मांडणी बारकाईने पाहावी असे मला मनापासून वाटते. 'आमच्या रुग्णालयातील कर्करुग्णांमध्ये हिपॅटायटिस बीचे प्रमाण' या धर्तीचे प्रबंध दरवर्षी होतात आणि त्यातल्या बहुतेकांमुळे कोणाचाही निर्णय बदलत नाही.

आधी धोका कसला ते पाहू, कारण आखणी त्यावरच उभी आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू एकदा शरीरात शिरला की पुरता जात नाही. रोग बरा झाला, रक्तातला पृष्ठभागावरचा अँटिजेन (एचबीएसएजी) नाहीसा झाला, तरी यकृताच्या पेशींच्या केंद्रकात विषाणूच्या डीएनएचे एक वर्तुळाकार रूप टिकून राहते. रोगप्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. केमोथेरपीने, आणि त्याहून जास्त बी-पेशी नष्ट करणाऱ्या रिटक्सिमॅबसारख्या औषधाने हा दाब उठला की विषाणू पुन्हा वाढू लागतो. याला पुनःसक्रियता म्हणतात. ती सौम्य असू शकते, यकृत निकामी होण्यापर्यंतही जाऊ शकते, आणि ती झाली की कर्करोगाचा उपचार मध्येच थांबवावा लागतो. हाँगकाँगच्या एका अभ्यासात एचबीएसएजी नसलेल्या, पण पूर्वी संसर्ग होऊन गेल्याची खूण असलेली 'कोअर' अँटिबॉडी (अँटी-एचबीसी) सापडलेल्या लिम्फोमाच्या (लसिका-पेशींच्या कर्करोगाच्या) रुग्णांचे दोन गट पाहिले. रिटक्सिमॅबसह उपचार घेतलेल्या २१ पैकी ५ जणांत विषाणू जागा झाला, रिटक्सिमॅबशिवाय तेच उपचार घेतलेल्या २५ पैकी एकाही जणात नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रिटक्सिमॅब आणि ऑफाटुमुमॅबच्या माहितीपत्रकावर याबद्दल चौकटीतला इशारा छापायला लावला.

आणि हा धोका टाळता येतो, ही या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २००३ मध्ये हाँगकाँगच्याच डॉक्टरांनी लिम्फोमाच्या ३० एचबीएसएजी-पॉझिटिव्ह रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. केमोच्या आधीच लॅमिव्हुडिन हे विषाणूरोधक औषध सुरू केलेल्या १५ जणांत पुनःसक्रियता शून्य, वाट पाहून मग औषध देण्याच्या गटात १५ पैकी ८. पुढे एन्टेकाविर आणि टेनोफोविर आली, ती आणखी प्रभावी. म्हणजे कोणाला संसर्ग आहे हे आधी कळले तर रोजच्या एका गोळीने मोठे संकट टळते. मग सर्वांची चाचणी का करायची नाही?

हा प्रश्न भाबडा वाटतो, पण २०१० च्या लोकांकडे खरी अडचण होती. अमेरिकेसारख्या कमी प्रादुर्भावाच्या देशात कर्करुग्णांमध्ये हे संसर्ग नेमके किती, हेच कोणाला ठाऊक नव्हते. उपलब्ध आकडे एकेका मोठ्या रुग्णालयाचे, आणि तेही ज्यांची चाचणी डॉक्टरांना करावीशी वाटली त्यांचेच. डॉक्टरांनी ज्याच्यावर शंका घेतली त्याच्यात संसर्ग जास्त सापडणारच. अशा आकड्यावरून सर्वांसाठी धोरण ठरवता येत नाही.

सरळ उपाय म्हणजे यादृच्छिक चाचणी-प्रयोग: अर्ध्या रुग्णांची तपासणी करायची, अर्ध्यांची नाही, आणि कोणात यकृताची हानी जास्त ते मोजायचे. असा प्रयोग का केला नाही, हे समजून घेणे म्हणजे आखणीचा निम्मा धडा. पहिले कारण नैतिक. प्रतिबंधक औषध काम करते हे माहीत असताना निम्म्या लोकांना अंधारात ठेवायचे कसे? दुसरे कारण हिशेबाचे. समजा, आपल्याला माहीत नसलेला जुनाट बी-संसर्ग ०.२६ टक्के रुग्णांत आहे, त्यातल्या निम्म्यांत विषाणू जागा होतो, म्हणजे एकूण ०.१३ टक्के, आणि तपासणीमुळे ते प्रमाण ०.०१ टक्क्यावर येते. हा फरक ८० टक्के खात्रीने पकडायला माझ्या ढोबळ गणिताने प्रत्येक गटात साडेसात हजारांहून जास्त रुग्ण लागतात, दोन्ही मिळून पंधरा हजारांच्या घरात. एवढा खर्च करून जे कळेल त्यातले बरेचसे आधीच ठाऊक असते.

म्हणून एस १२०४ ने पुराव्याची साखळी तोडून पाहिली. औषध काम करते, ही कडी मजबूत होती. चाचण्या विश्वासार्ह आहेत, हीही. कच्ची कडी एकच: सर्वांची चाचणी केली तर नव्याने काय हाती लागते? अभ्यास फक्त त्या कडीवर रचला. सगळी साखळी पुन्हा सिद्ध करण्याचा मोह टाळून एकाच कच्च्या कडीवर सगळी ताकद लावणे, हे मला या आखणीतले सर्वांत मोठे शहाणपण वाटते.

अभ्यासात कर्करोगाचे नव्याने निदान झालेले रुग्ण घेतले. केंद्रे १८ होती, त्यात ९ विद्यापीठांशी जोडलेली आणि ९ सामान्य वस्त्यांतली रुग्णालये. हा समतोल महत्त्वाचा होता. फक्त मोठ्या शहरी केंद्रांवर भिस्त ठेवली असती तर निकाल तिथल्याच रुग्णांपुरता राहिला असता. ऑगस्ट २०१३ ते फेब्रुवारी २०१७ या काळात ३,०९२ जणांची नोंद झाली, त्यातले ३,०५१ जण विश्लेषणासाठी पात्र ठरले. जवळपास साठ टक्के स्त्रिया, सुमारे १८ टक्के कृष्णवर्णीय आणि तेवढेच हिस्पॅनिक. कर्करोगाचा प्रकार कोणताही चालत होता.

तीन हजार हा आकडा का पुरतो? एक टक्का प्रमाण असलेला संसर्ग तीन हजार लोकांत मोजला तर उत्तर साधारण ०.३६ टक्क्याने इकडे-तिकडे होऊ शकते. म्हणजे ०.६ आणि १.४ यांच्या दरम्यान. 'संसर्ग अगदी दुर्मीळ आहे की नाही' एवढे ठरवायला ते पुरेसे आहे. पण याच तीन हजारांतून पुढे पोटगट काढले की जमीन पायाखालून सरकते, ते पुढे येईलच.

आता खरी मांडणी. अभ्यासाने प्रत्येक विषाणूसाठी तीन वेगळे प्रश्न विचारले. किती जणांत संसर्ग आहे? त्यांपैकी किती जणांना तो आहे हे आधीपासून माहीत होते? आणि किती जणांत जोखमीचे कोणतेही कारण सापडत नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आपले नेहमीचे 'प्रमाण'. धोरण ठरते ते दुसऱ्या आणि तिसऱ्यावर.

एचआयव्ही घ्या. ३,०४५ जणांपैकी ३४ जणांत संसर्ग होता, म्हणजे १.१ टक्के. जुनाट हिपॅटायटिस बी फक्त १९ जणांत, ३,०५० पैकी, म्हणजे ०.६ टक्के. नुसत्या प्रमाणावर गेलो तर एचआयव्हीची चाचणी बीच्या चाचणीपेक्षा जास्त निकडीची ठरते. पण ३४ पैकी ३२ जणांना आपल्या एचआयव्हीची माहिती आधीच होती, चाचणीने नवे फक्त २ कळले. बीच्या १९ पैकी ८ जणांना, म्हणजे ४२ टक्क्यांना, या अभ्यासातच पहिल्यांदा कळले. हिपॅटायटिस सी २,९९० पैकी ७१ जणांत होता, २.४ टक्के, आणि त्यातले २२ जण अनभिज्ञ होते. हे आकडे मी उलट करून पाहिले. एक अनोळखी सी-संसर्ग शोधायला साधारण १३६ जणांची चाचणी करावी लागली, एक अनोळखी बी-संसर्ग शोधायला ३८१ जणांची, आणि एक अनोळखी एचआयव्ही शोधायला दीड हजारांहून जास्त जणांची. क्रमच फिरला. 'आधी माहीत होते का' ही एक नोंद अर्जातून गळाली असती तर तीन हजार लोकांच्या रक्तातून चुकीचा निष्कर्ष निघाला असता.

याखेरीज ६.५ टक्के रुग्णांत, म्हणजे १९७ जणांत, पूर्वी होऊन गेलेल्या बी-संसर्गाची खूण मिळाली. जुनाट संसर्गाच्या दहापट. फक्त एचबीएसएजी केले असते तर हे सगळे 'निगेटिव्ह' म्हणून घरी गेले असते, आणि त्यातल्या ज्यांना रिटक्सिमॅब मिळणार होते त्यांचा धोका कोणाला दिसला नसता. म्हणूनच २०२० च्या ॲस्कोच्या मतात तीन चाचण्या एकत्र आहेत: एचबीएसएजी, अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस (पृष्ठभागावरच्या अँटिजेनविरुद्धची अँटिबॉडी). निकालांसाठी कर्करोगाचा उपचार थांबवून ठेवू नये, असेही तिथे स्पष्ट लिहिले आहे.

जोखमीच्या कारणांबद्दलचे उत्तर २०१५ च्या मधल्या मार्गाला सर्वांत जड गेले. जोखीम विचारून निवडक लोकांचीच चाचणी करायची, तर जोखीम सांगता आली पाहिजे. पण जुनाट बीच्या १९ पैकी ४ जणांत, सीच्या ७१ पैकी २३ जणांत आणि एचआयव्हीच्या ३४ पैकी ७ जणांत जोखमीचे एकही कारण हाती लागले नाही. सीच्या बाबतीत जवळजवळ एक तृतीयांश. प्रश्नावली कितीही चांगली असली तरी इतके लोक तिच्या जाळीतून निसटतात.

इथे मात्र थांबून एक फरक लक्षात घ्यायला हवा, कारण हा अभ्यास सांगताना तो नेहमी पुसला जातो. 'जोखमीचे कारण नाही' ही टक्केवारी सर्व संसर्गितांमधली आहे, अनभिज्ञ असलेल्यांमधली नाही. धोरणाला खरी हवी ती या दोहोंची सांगड: माहीतही नव्हते आणि जोखीमही दिसत नव्हती, असे किती? निवडक चाचणीतून निसटणारे आणि सरसकट चाचणीतून सापडणारे लोक ते हेच. ज्याला नवा अभ्यास करायचा आहे त्याने हा चार खान्यांचा तक्ता विश्लेषणाच्या आराखड्यात पहिल्या दिवशीच काढून ठेवावा.

दुसरी गोष्ट छोट्या संख्यांची. ८ भागिले १९ म्हणजे ४२ टक्के खरे, पण १९ लोकांवरून काढलेल्या या आकड्याची ९५ टक्के खात्रीची मर्यादा साधारण २० ते ६६ टक्के इतकी पसरते. एचआयव्हीचे तर आणखी नाजूक. अनोळखी एचआयव्ही ०.१ टक्क्यापेक्षा कमी असल्याचे दाखवता आले तरच नेमाची चाचणी वगळावी, असे सीडीसीने २००६ मध्ये सांगितले होते. एस १२०४ मध्ये हे प्रमाण २ भागिले ३,०४५, म्हणजे ०.०७ टक्के. रेषेच्या खाली. मात्र दोनच रुग्णांवर उभ्या असलेल्या या आकड्याची वरची मर्यादा ०.२ टक्क्याच्याही पुढे जाते. अभ्यासाच्या लेखकांनी 'एचआयव्हीची सरसकट चाचणी कदाचित समर्थनीय नाही' असे सावध शब्द वापरले, ते योग्यच होते. कर्करोगाचे डॉक्टर त्याचा अर्थ 'एचआयव्हीची गरज नाही' असा घेतात तेव्हा ते अभ्यासापेक्षा पुढे गेलेले असतात.

सहभागाचा प्रश्नही आहेच. संमती देणारे आणि न देणारे सारखे नसतात. ज्याला आपला एचआयव्ही माहीत आहे आणि तो दडवायचा आहे, तो अभ्यासापासून दूर राहू शकतो. ज्याला काहीच कल्पना नाही तो बिनधास्त सही करतो. नकार देणाऱ्यांचे निदान वय, लिंग, कर्करोगाचा प्रकार इतके तरी नोंदवले तर हा कल कुठल्या दिशेला आहे ते सांगता येते.

महाराष्ट्रात हाच अभ्यास जसाच्या तसा करण्यात अर्थ नाही, आणि हे मी आखणीच्या अंगाने म्हणतो आहे. आपल्याकडे शस्त्रक्रिया किंवा केमोच्या आधी 'व्हायरल मार्कर' म्हणून एचआयव्ही, एचबीएसएजी आणि एचसीव्ही (हिपॅटायटिस सी) बहुतेक मोठ्या रुग्णालयांत होतातच. अडचण वेगळी आहे. ही तपासणी मुख्यतः शस्त्रक्रियागृहातल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी रुजली. त्यामुळे अहवाल फाईलला लागतो, फाईलवर खूण होते, आणि रुग्णाच्या यकृतासाठी त्याचे पुढे काय करायचे हे पुष्कळदा कोणाच्याच जबाबदारीत येत नाही. शिवाय कोअर अँटिबॉडी सहसा या संचात नसते. भारतात हिपॅटायटिस बीचा प्रादुर्भाव मध्यम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या बी-संसर्गितांची संख्या सुमारे २.९८ कोटी आणि सी-संसर्गितांची ५५ लाख धरली आहे. बीची लस देशभरातल्या बाळांना सरसकट मिळू लागली ती २०११ च्या सुमारास, म्हणजे आज पन्नाशी-साठीत कर्करोग घेऊन येणाऱ्या माणसाला तिचा काही उपयोग झालेला नाही. अशा देशात कोअर अँटिबॉडी असलेले रुग्ण अमेरिकेपेक्षा बरेच जास्त असणार, असे धरूनच आखणी करावी लागेल.

म्हणून इथला मुख्य प्रश्न 'तपासणी करावी का' हा नाही. एचबीएसएजी-पॉझिटिव्ह अहवाल आलेल्या किती रुग्णांना पहिल्या केमोच्या आधी किंवा तिच्यासोबत विषाणूरोधक औषध सुरू झाले? आणि एचबीएसएजी-निगेटिव्ह म्हणून सोडून दिलेल्या, अँटी-सीडी२० औषध मिळणाऱ्या किती जणांत कोअर अँटिबॉडी होती? हे दोन प्रश्न. पहिल्यासाठी नवे रक्तही काढायला नको, जुन्या नोंदी नीट तपासल्या तरी पुष्कळ कळेल. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम जुलै २०१८ मध्ये सुरू झाला, त्याच्या उपचार केंद्रांतून औषधे मोफत मिळतात. तेव्हा खर्चामुळे औषध सुरू झाले नाही, हे कारण किती वेळा खरे निघते तेही त्यातच दिसेल.

ज्यांना प्रमाणही मोजायचे आहे त्यांनी नमुन्याचा आकार आधी काढावा. एचबीएसएजी तीन टक्के धरून उत्तर अर्ध्या टक्क्याच्या आत बांधायचे असेल तर साधारण ४,४७० रुग्ण लागतात, आणि ते अनेक केंद्रांतून घेतले तर केंद्रांमधल्या फरकामुळे आणखी. एका विभागात दीड वर्षात मिळणाऱ्या दोनशे रुग्णांवर हे होणार नाही. त्यापेक्षा चार-पाच महाविद्यालयांनी एकच अर्ज, एकच व्याख्या ठरवून एकत्र काम करावे.

अर्ज लिहिताना काही गोष्टी इथल्याच आहेत. नमुना पहिल्या केमोच्या आधी आणि रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन देण्याच्या आधी घ्यावा. दात्याच्या रक्तातून आलेली कोअर अँटिबॉडी रुग्णाची म्हणून नोंदली गेली तर सगळा हिशेब बिघडतो. सीसाठी अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली की विषाणू आताही रक्तात आहे का हे दाखवणारी आरएनए चाचणी ठरलेलीच असावी, नाहीतर बरे झालेले आणि आजारी एकाच रकान्यात पडतात. 'आधी माहीत होते' याची व्याख्या दोन भागांत हवी: रुग्णाने सांगितले, आणि कागदपत्रांत होते. आपल्याकडे या दोहोंत मोठी दरी निघेल. जुन्या अहवालावर शिक्का असतो आणि रुग्णाला त्याबद्दल कोणी काही सांगितलेले नसते.

जोखमीचे प्रश्न नातेवाइकांसमोर विचारले तर उत्तरे निरुपयोगी होतात. बाह्यरुग्ण विभागात रुग्णासोबत मुलगा, सून, भाऊ उभे असतात, आणि 'कधी सुई टोचून घेतली होती का, कोणाशी संबंध' या प्रश्नांना तिथे 'नाही'च मिळणार. मग 'जोखीम नसलेले' म्हणून जे मोजले जातील त्यात न बोललेलेही असतील. वेगळी खोली आणि समुपदेशक या आखणीतल्याच गोष्टी आहेत, त्यांचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून असावा. एचआयव्हीसाठी तर २०१७ च्या कायद्यानेच सूचित संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे. ओळख पुसून नमुने तपासण्याची जी पद्धत प्रादुर्भाव-सर्वेक्षणात चालते, ती इथे चालणार नाही. निकाल त्या माणसाला सांगायचा आहे, त्याच्या उपचारात वापरायचा आहे.

आणि प्रत्येक रुग्णासमोर चार तारखा हव्यात: नमुना घेतल्याची, अहवाल आल्याची, पहिल्या केमोची, विषाणूरोधक औषध सुरू झाल्याची. पाचवी तारीख औषध थांबवल्याची, कारण कर्करोगाचा उपचार संपल्यावरही ते किमान बारा महिने चालू ठेवायचे असते. केमो संपली की रुग्ण गावी जातो आणि गोळी बहुतेक तिथेच बंद पडते, म्हणून पाठपुराव्याचा फोन उपचार संपल्यानंतरच्या वर्षासाठीही आखून ठेवावा लागतो.